आबांची वही आणि माउलींचा वाटा

नीराकाठ

नमस्कार. हा धागा काढावा की नको यातच दोन महिने गेले. गोष्ट घरातली आहे, पैशाची आहे आणि देवाचीही आहे. घरी विषय निघाला की आवाज चढतात, आई उठून आत जाते आणि सगळं तिथंच राहतं. म्हणून इथे लिहिते.

माझे वडील, आबा, गेल्या कार्तिकात गेले. एसटीच्या आगारात मेकॅनिक होते. निवृत्तीनंतर लोणंदजवळच्या आमच्या तीस गुंठ्यांत कांदा करायचे. माळकरी माणूस. माउलींची पालखी लोणंदचा मुक्काम आटोपून तरडगावकडे निघते, त्या दिवशी एका दिंडीची पिठलं-भाकरीची पंगत आमच्या घरची असते. मी चौथीत होते तेव्हापासून बघतेय.

तेरावं झाल्यावर कपाट आवरताना लाल कापडी बांधणीची वही सापडली. प्रत्येक पानाच्या डोक्यावर 'श्री', खाली 'माउली प्रसन्न' आणि मग रकाने. 'पगार ३,१४० - माउली ३१४.' 'कांदा पट्टी ४,२६० - माउली ४२६.' असं पानंच्या पानं, शंभराला दहा. शेवटच्या लिहिलेल्या पानावर 'माउलींचे, संस्थेत ठेव' आणि पावतीचा नंबर. पावती वहीतच घडी घालून ठेवलेली. तालुक्यातल्या एका पतसंस्थेतली मुदत ठेव आहे, मुदतीअंती १ लाख ८६ हजार ४०० मिळतील. ठेव आबांच्या एकट्याच्या नावावर, नॉमिनी आई.

दादा म्हणतो, देवाचा पैसा आहे, गावच्या देवळाच्या सभामंडपाला देऊन टाकू, आबांच्या नावाची फरशी बसेल. मला वाटतं तो पंगतीलाच जावा. आमचे मिस्टर म्हणतात, आईंच्या हातात महिन्याला काय येतं ते आधी बघा. आबांना पीएफवाली पेन्शन २,९०० होती, आता आईला तिची निम्मी येते, १,४५०.

माझे प्रश्न दोन. हा पैसा नक्की कुणाचा? आणि दुसरा माझ्यापुरता. आबांची रीत मला पुढे चालवायची आहे. हातात ६२ हजार येतात, घराच्या कर्जाचा हप्ता २४,५००, मुलगी अकरावीला. शंभराला दहा काढायचे ते हप्त्याच्या आधीच्या रकमेवर की हप्ता गेल्यावर उरेल त्यावर? आबांना विचारायचं राहून गेलं.

हिशेबनीस

ताई, आधी कायद्याचं सांगतो, कारण त्यात घोळ झाला की भावाबहिणीचं बोलणं बंद होतं. चाळीस वर्षं हेच काम केलं आहे.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. संस्थेने पैसे कुणाच्या हातात द्यायचे एवढंच नॉमिनेशन ठरवतं. त्या हातात ते सगळ्या वारसांसाठी सांभाळायला दिलेले असतात. शेअर आणि म्युच्युअल फंडांच्या बाबतीतही हेच, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं. वहीतली 'माउलींचे' ही नोंद मृत्युपत्र होत नाही. मृत्युपत्राला करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. त्याची नोंदणी ऐच्छिक आहे, पण साक्षीदार हवेतच. तेव्हा कायद्याच्या नजरेत ही रक्कम आबांची आणि आता त्यांच्या वारसांची.

वारस कोण? हिंदू उत्तराधिकार कायद्यात पहिल्या वर्गात पत्नी, मुलगे, मुली आणि मृताची आई येतात, सगळ्यांना सारखा वाटा. आबांच्या आई हयात आहेत का? बहुतेक घरांत त्यांना कुणी मोजतच नाही.

आणि एक, हे फार महत्त्वाचं. पतसंस्थेतल्या ठेवीला ठेव विम्याचं संरक्षण नाही. बँकेत, मग ती सहकारी का असेना, एका ठेवीदाराला व्याजासह ५ लाखांपर्यंत आहे. पतसंस्थेत शून्य. संस्थेचा लेखापरीक्षणाचा वर्ग कोणता आहे ते विचारा, अ, ब, क की ड. अहवाल मागायला लाजू नका. मुदत संपली की नूतनीकरण न करता रक्कम बँकेत आणा.

नीराकाठ

आजी आहे, काका! शहाण्णव वर्षांची. ओसरीवर बसून अजून वाती वळते. तिचा वाटा असतो हे आमच्या कुणाच्या डोक्यातच नव्हतं. लाज वाटली वाचून.

पतसंस्थेबद्दल विचारते. आबांनी तिथे का ठेवली तर संस्थेच्या नावात संताचं नाव आहे, एवढंच कारण असावं.

पोळलेला

मी इथे सहसा लिहीत नाही, पण तुमच्या शेवटच्या वाक्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आमच्याही संस्थेच्या नावात संत होते. काउंटरमागे भला मोठा फोटो, रोज ताज्या झेंडूचा हार, उदबत्ती. वडिलांनी निवृत्तीचे तीन लाख तिथे ठेवले, कारण इतर बँकांपेक्षा दोन टक्के जास्त आणि 'आपली माणसं'. संस्था बंद पडली त्या आठवड्यात मी वडिलांना घेऊन गेलो. शटर अर्धं खाली, बाहेर सत्तर-ऐंशी म्हातारी माणसं, सगळ्यांच्या हातात पिशवीत गुंडाळलेली पासबुकं. आत फोटोवरचा हार वाळलेला. वडील शटरखालून वाकून फोटोलाच नमस्कार करून परत आले. साडेसहा वर्षांत आम्हाला त्यातले ४० हजार मिळाले.

वडिलांचं आणखी एक सांगतो. गावच्या देवळाच्या कळसाला त्यांनी आईच्या पाटल्या गहाण ठेवून ११ हजार दिले होते. त्या वर्षी माझी दहावीची फी वर्गशिक्षकांनी भरली. मी देव मानतो. पण देवाने कुणाच्या पाटल्या मागितल्या असतील असं मला वाटत नाही. नीराकाठताई, आईच्या हातात १,४५० येत असताना १ लाख ८६ हजार कुणालाही देऊ नका. आधी आईचा दवाखाना, मग मुलीचं शिक्षण. सभामंडप उभा राहायला शंभर माणसं आहेत, आईला तुम्ही दोघंच.

जुना_दिंडीकरी

माऊली, ३८ वाऱ्या झाल्या. पोळलेला यांच्या वडिलांचं वाचून पोटात कालवलं.

तुकोबांचं उदाहरण देतो. त्यांच्या घरी पिढीजात सावकारी. दुष्काळानंतर त्यांनी कर्जाचे कागद इंद्रायणीत सोडले, हे शेंबडं पोरही सांगेल. पण त्याआधी काय केलं ते कीर्तनातसुद्धा घाईघाईत सांगून टाकतात. कागदांच्या दोन वाटण्या केल्या. निम्मे धाकट्या भावाला, कान्होबाला दिले. स्वतःच्या वाट्याचे तेवढे डोहात टाकले. कान्होबाच्या वाट्याला हात लावला नाही. वैराग्य आपल्या वाट्यापुरतं, दुसऱ्याच्या पोराबाळांच्या घासावर नाही.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर एवढंच. वाटण्या करा. मग ज्याला जे द्यायचं ते त्याने आपल्या वाट्यातून द्यावं.

पंगतीचं थोडं. दिंडीत आम्ही जेवणाची भिशी भरतो, तरी वाटेवरच्या गावांनी घातलेल्या पंगती नसतील तर त्या भिशीत पंढरपूरपर्यंत भागणार नाही. तीनशे माणसांना पिठलं-भाकरी म्हणजे घरच्या चार बायकांचं काम नाही. वाडीतली पंचवीस-तीस घरं प्रत्येकी वीस-पंचवीस भाकऱ्या थापून आणतात, पिठलं एका जागी होतं, वर कांदा आणि खरडा. म्हणजे खर्च असतो तो बेसनाचा, तेलाचा, सरपणाचा आणि मांडवाचा. भाकरी गावाची असते. आबांनी तसंच केलं असणार. दहा माणसांनी मिळून दिलेलं एकाला जड जात नाही.

अजून एक विचारतो. वहीत जमेची बाजू तुम्ही सांगितली. खर्चाची बाजू काय म्हणते?

नीराकाठ

खर्चाची बाजू मी पाहिलीच नव्हती. काल रात्री आई झोपल्यावर वही पहिल्या पानापासून वाचली. अडीच वाजले.

दर आषाढात एक पान. 'बेसन १८ किलो, गोडेतेल १ डबा, ज्वारी १ पोतं, मांडव, आचाऱ्यास नाही, घरचेच.' शिल्लक पुढच्या पानावर ओढलेली. २०१२च्या दुष्काळात सलग सात महिने 'माउली ०' आणि कंसात 'पुढे भरणे'. पुढच्या वर्षी खरोखर भरले आहेत, बाकी वजा करत करत.

मग २०२०. त्या वर्षी पायी वारी झाली नाही, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. आबा टीव्हीसमोर उभे होते, बसले नाहीत. गाडी आमच्याच खात्याची आहे म्हणून रडत होते. २०२१ला पुन्हा तेच. दोन वर्षं पंगत नाही, त्यामुळे शिल्लक वाढत गेली, आणि तीच पुढे ठेवीत गेली. म्हणजे सभामंडपासाठी म्हणून त्यांनी काही साठवलं नव्हतं. पंगतीचंच राहिलेलं होतं.

आणि एक पान आहे, जून २००४. माझ्या नर्सिंगच्या पहिल्या वर्षाचं. 'पोरीची फी, माउलींकडून उसने ६,०००.' खाली तेवीस ओळी. 'परत २५०', 'परत २५०', 'परत ३००'... शेवटची ओळ २००६च्या दिवाळीतली, 'फिटले. माउली माफ करा.' मला हे त्यांनी कधी सांगितलं नाही. मी त्या पैशाने शिकले, आणि त्या पैशाचे परत हप्तेही त्यांनीच भरले, पगारातून, दहावा हिस्सा वेगळा काढून वर.

पोळलेला

तेवीस ओळी. ताई, तुमच्या आबांना माझा नमस्कार सांगा फोटोला. पण बघा, त्यांनीही फी आधी भरली.

जुना_दिंडीकरी

भरली, आणि उसने म्हणून लिहिली. दोन्ही धरा.

सावित्रीकाठ

मी महाडचा, कोकणी मुसलमान. धागा वाचतोय आणि वाटतंय की आमच्याकडे जकातीचं, म्हणजे दरवर्षी काढायच्या सक्तीच्या दानाचं, जे गणित आहे त्यात ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचं काहीतरी मिळेल.

जकात पगारावर नसते, साठलेल्या मालावर असते. निसाब म्हणजे एक किमान मर्यादा. आपल्याकडे सर्वसाधारणपणे साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी सांगतात. हा तोळा जुना, ११.६६ ग्रॅमचा, आजच्या सराफाचा १० ग्रॅमचा नव्हे. तेवढ्या किमतीचा माल चांद्रवर्षभर जवळ राहिला, तर वर्ष संपेल त्या तारखेला अडीच टक्के काढायचे. घरखर्च, किराणा, भरून झालेला हप्ता हे त्या तारखेआधीच गेलेलं असतं, त्यामुळे 'आधी की नंतर' हा वाद उरतच नाही. अंगावरच्या वापरातल्या दागिन्यांचा आणि बाकी कर्जाचा मुद्दा वेगळा, त्यात मजहबांमध्ये, म्हणजे इस्लामी कायद्याच्या वेगवेगळ्या परंपरांमध्ये, मतभेद आहेत. आम्ही शाफई, आम्ही आमच्या मौलानांना विचारून करतो.

मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती तारीख. माझी रमजानची पहिली. त्या संध्याकाळी मी आणि बायको जेवणाच्या टेबलावर पासबुकं, ठेवींच्या पावत्या, कुणाला उसने दिले, कुणाचे घेतले, सगळं मांडतो. वर्षातून एकदा घरातला प्रत्येक रुपया नजरेखालून जातो. अर्धं आर्थिक नियोजन तिथंच होतं. मुलगी आता मोठी झाली, तीही बसते. खात्यावर जमा झालेलं व्याज आम्ही वेगळं काढून गरजूला देऊन टाकतो, पुण्याची अपेक्षा न ठेवता, कारण ते आपलं नाही. जकातीत ते धरत नाही.

आणि जकात मशिदीच्या बांधकामाला चालत नाही, असं बहुतेक उलेमा, म्हणजे धर्मपंडित, सांगतात. ती माणसाच्या हातात पोचावी लागते. बांधकामासाठी वेगळं दान द्यावं. नात्यातल्या गरजूला आधी द्यावी, फक्त आईवडील आणि मुलं सोडून, कारण त्यांना सांभाळणं हे आपलं कर्तव्यच आहे, ते दानात मोजायचं नाही. पोळलेलाभाई म्हणतात ते आईचं बरोबर आहे. आईला दिलेलं दान नसतंच मुळी.

२०२१च्या जुलैत महाड बुडालं. माझ्या दुकानात छताला टेकेल इतकं पाणी होतं. त्याआधीची अठरा वर्षं मी जकात देत होतो, त्या वर्षी जमातीच्या लोकांनी मला दिली. दार वाजवून, पाकीट ठेवून, न बोलता निघून गेले. घेताना हात थरथरत होता. त्यानंतर देताना मी कुणाच्या तोंडाकडे बघत नाही.

मोगरा_वसई

सावित्रीकाठ, तुमचा शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला.

आमच्याकडे शब्द आहे कारभारी. मराठी बायबलमध्ये हाच शब्द. मालक वेगळा, आपण कारभारी, हिशेब द्यायचाय. माझी आई पहाटेच्या गाडीने दादरला भाजी न्यायची. परत आली की ओच्यातली चिल्लर ताटात ओतायची आणि पहिली नाणी एका पाकिटात. रविवारी ते पाकीट चर्चला. दशांश भरायचा असा आमच्या कॅथलिक चर्चचा दंडक नाही, ऐपतीप्रमाणे द्यावं. तरी आई मोजून काढायची. आणि आमच्याच लोकांनी सहकारी पतपेढ्याही उभ्या केल्या. वसईची बॅसीन कॅथलिक बँक १९१८ची. सावकाराच्या दारात जायची वेळ येऊ नये म्हणून. देणं आणि साठवणं आमच्या घरात कधी वेगळं शिकवलं नाही.

एका गोष्टीची मात्र चीड आहे. शेजारच्या एका बाईला कुठल्याशा प्रार्थनासभेत सांगितलं, दहा द्या, शंभर मिळतील. तिने क्रेडिट कार्डावर दिले. देवाशी असा व्यवहार लावणाऱ्यांपासून लांब राहा, कुठल्याही धर्माचा असो. नीराकाठ, कर्ज काढून देऊ नकोस, एवढंच माझं सांगणं. बायबलातल्या गरीब विधवेने दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी, दान टाकल्या त्या तिच्या स्वतःच्या होत्या.

हिशेबनीस

दानावरच्या करसवलतीबद्दल दोघांनी व्यक्तिगत निरोपात विचारलं, म्हणून लिहितो. ८०जी म्हणून आपण जी ओळखतो ती सवलत जुन्या करप्रणालीतच मिळते, नव्या प्रणालीत नाही. २,००० रुपयांवरचं रोख दान तिला चालत नाही. बेसन, तेल, धान्य दिलं तर तेही नाही. संस्थेकडे ८०जीची मान्यता हवी आणि तिने वर्ष संपल्यावर ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र द्यायला हवं, नुसती पावती पुरत नाही. आईंच्या उत्पन्नावर करच लागत नसेल तर त्यांच्या नावाने दान दिल्याने कर वाचत नाही. ताई, पंगतीच्या बेसनाला सवलत नाही. ती विचारातच घेऊ नका.

सभामंडपासाठी दादांना द्यायचंच असेल तर चेकने किंवा यूपीआयने द्यावं, ट्रस्टच्या खात्यावर, अध्यक्षांच्या नव्हे. धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक पावतीवर असतो, तो बघावा.

विसावा_भाग

नागपूरहून. बाबासाहेबांनी ऑक्टोबर १९५६ मध्ये दीक्षेच्या वेळच्या भाषणात प्रत्येकाने उत्पन्नाचा विसावा भाग द्यावा असं सांगितलं. शंभराला पाच. समोर बसलेले बहुतेक जण हातावर पोट असलेले होते. माझे वडील रेल्वेत गँगमन. पगाराच्या दिवशी पाच टक्के बाजूला, निम्मे विहाराला, निम्मे वस्तीतल्या पोरांच्या परीक्षा फॉर्मला. त्या फॉर्मांतून निघालेली तीन पोरं आज सरकारी नोकरीत आहेत आणि तीही विसावा काढतात.

बुद्धांनी सिगाल नावाच्या गृहस्थाच्या मुलाला मिळकतीचे चार भाग सांगितले. एक उपभोगाला, दोन कामधंद्याला, चौथा अडीअडचणीसाठी राखून. चौथ्याची आठवण कुणी ठेवत नाही. ताई, तुमच्याकडे सहा महिन्यांचा खर्च बाजूला आहे का? हप्ता धरून? नसेल तर शंभराला दहा काढू नका. पाचने सुरू करा.

जुना_दिंडीकरी

भागवतात बळी वामनाला तीन पावलं भूमी द्यायला निघतो, तेव्हा शुक्राचार्य त्याला अडवतात. म्हणतात, ज्या दानाने स्वतःची उपजीविकाच बुडते त्या दानाची थोर माणसं वाखाणणी करत नाहीत. आणि पुढच्याच श्लोकात धनाचे पाच भाग सांगतात. धर्मासाठी, कीर्तीसाठी, धनवाढीसाठी, स्वतःच्या सुखासाठी आणि स्वजनांसाठी. शुक्राचार्यांची नियत त्या वेळी वेगळी होती, पण हिशेब चोख आहे. सभामंडपावरची फरशी कीर्तीच्या भागातून जाते, धर्माच्या नव्हे, हे तुमच्या दादांना हळूच सांगा. वाईट नाही ते, फक्त भाग वेगळा.

बळीने मात्र ऐकलं नाही. वचन दिलं होतं म्हणून दिलं, आणि आजही आपल्या बायका पाडव्याला 'इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो' म्हणतात. पण त्याने दिलं ते स्वतःचं.

पोळलेला

काका, मी वडिलांवर इतकी वर्षं राग धरून होतो. पाटल्या आईच्या होत्या. तुमच्या शेवटच्या ओळीवर थांबलो. राग नेमका कशाचा होता ते आज कळलं.

नीराकाठ

तीन आठवड्यांनी येतेय. ठेवीची मुदत संपली, पैसे आईच्या बँकेतल्या खात्यात आले. पतसंस्थेने खळखळ केली नाही, मृत्यू दाखला, नॉमिनीची कागदपत्रं आणि आईची सही, आठ दिवसांत काम झालं. मॅनेजरने नूतनीकरणाचा आग्रह केला, आईने 'बघू' म्हणून टाळलं. लेखापरीक्षणाचा वर्ग विचारला तर ब निघाला.

गेल्या रविवारी सगळे ओसरीवर बसलो. दादा, वहिनी, आम्ही दोघं, आई आणि आजी. मी आधी वही वाचून दाखवली. जून २००४चं पान वाचताना माझा आवाज गेला, पुढचं दादाने वाचलं. त्यालाही ते ठाऊक नव्हतं. २०२० आणि २१च्या पानांवर पंगत नाही हे त्यानेच बोट ठेवून दाखवलं आणि बराच वेळ वही बंद केली नाही.

मग हिशेबनीसकाकांचं सांगितलं, चार वाटे, प्रत्येकी ४६,६००. आजीला कमी ऐकू येतं, मोठ्याने सांगावं लागलं की तुझाही आहे. ती म्हणाली, "माज्या ल्येकाचं न्हवतंच ते, तर माजं कुठलं?" मी तुकोबा-कान्होबाचं सांगितलं. तिने वात वळता वळता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग माजा वाटा हिच्या नावावर टाका," आईकडे हात करून. "तिनं भाकऱ्या थापल्या चाळीस वरीस. त्याचं कुनी लिवलं का वहीत?"

कुणी लिहिलं नव्हतं. वहीत 'आचाऱ्यास नाही, घरचेच' एवढंच आहे.

आई रडली नाही. म्हणाली, आजीचा वाटा मी ठेवते, माझ्या गुडघ्याचं काम आहे. माझ्या वाट्यातून पंगत होईल, यंदाची आणि पुढच्याही. दादाने त्याच्यातले ११ हजार सभामंडपाला देतो म्हटलं, चेकने, आणि फरशी नको म्हणून सांगतो. बाकी त्याने अजून ठरवलेलं नाही, ते त्याचं. मी माझे ४६,६०० पूर्ण वेगळ्या खात्यात टाकले. त्यातले ६ हजार या जूनमध्ये आमच्याच वॉर्डात काम करणाऱ्या एका मावशींच्या मुलीच्या प्रवेशाला जातील. तेवढं माझ्या मनाने आबांच्या पानाशी जुळतं.

घरातल्या रकमेतून आईचं आरोग्य विम्याचं बघायला घेतलंय. वय ६८, साखर आहे, त्यामुळे प्रतीक्षा कालावधीच्या, म्हणजे जुन्या आजाराचा खर्च कधीपासून मिळेल त्याच्या, अटी वाचतेय. आई स्वतः साठवलेल्यातून पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत काही ठेवू म्हणते, तिमाहीला व्याज हातात येईल.

माझं ठरलं ते असं. हप्ता वजा जाता ३७,५०० उरतात, त्याचे शंभराला पाच, महिन्याला १,८७५. पगाराच्या दिवशीच वेगळ्या खात्यात. कर्ज फिटलं की दहा. आणि सावित्रीकाठभाऊंसारखी तारीख ठरवली, कार्तिकी एकादशी. आबा त्याच सुमारास गेले. त्या दिवशी मी, मिस्टर आणि मुलगी, सगळ्या पावत्या घेऊन बसणार. मिस्टरांनी नवी वही आणून दिली. लाल कापडी मिळाली नाही, निळी आहे.

सावित्रीकाठ

निळी चालेल. आजींना सलाम सांगा.

हिशेबनीस

आईंचं मृत्युपत्र आताच करून घ्या, दोन साक्षीदारांसह, आणि नवीन सगळ्या खात्यांना नॉमिनी लावा. विमा घेताना साखर लपवू नका, नाहीतर दाव्याच्या वेळी कंपनी तेच कारण पुढे करते. आणि आजींच्या वाट्याचं तोंडी ठेवू नका. त्यांनी सुनेच्या नावे सोडला असा साधा कागद करून सगळ्यांच्या सह्या घ्या. आज कुणाच्या मनात काही नाही, तेव्हाच कागद होतो.

मोगरा_वसई

आणि नव्या वहीत भाकऱ्या कोण थापतं तेही लिही.

नीराकाठ

लिहिलंय. पहिल्याच पानावर, आईचं नाव.

जुना_दिंडीकरी

ताई, यंदा आमची दिंडी लोणंदहून निघाल्यावर तुमच्याच रस्त्याने येईल. तुमची पंगत ज्या दिंडीला असते ती आमच्या दोन नंबर पुढे चालते, मी विणेकऱ्यांना विचारून घेतलं. यंदा तीनशेच्या वर माणूस आहे त्यांच्यात. भाकरी कमी पडायला नको.

नीराकाठ

काका, वाडीतली सव्वीस घरं झाली आहेत. अजून तीन-चार बघते.

पोळलेला

आम्ही फलटणला असतो. आईला विचारलं, पन्नास भाकऱ्या करते म्हणाली. सकाळी किती वाजता आणू?